पहिला धूर मागून, दुसरा पुढून

सांगलीच्या गावभागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मार्केट यार्डातल्या तीन-चार अडत दुकानांचे हिशेब त्या घरून लिहितात. एका संध्याकाळी लाईट गेली, दहा मिनिटांनी आली आणि घरातला बल्ब एकदम लख्ख झाला. तेवढ्यात कॉम्प्युटरच्या मागून फट् असा आवाज, पांढरा धूर आणि मासळी कुजल्यासारखा वास. मेकॅनिकने एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलून दिला, मशीन चालू झालं. पाचव्या दिवशी काम करता करता परत धूर, पण या वेळी कॅबिनेटच्या पुढच्या अंगाने, आणि वास जळक्या प्लॅस्टिकचा. आता बटण दाबलं की पंखा जरासा हलतो आणि थांबतो. मेकॅनिक म्हणतो, "मदरबोर्डच शॉर्ट आहे, नवीन मशीन घ्या." ताई विचारतात, धूर नेमका कशाने आला हे शोधायचं कसं, आणि हार्डडिस्कमधल्या दोन वर्षांच्या हिशेबाचं काय?

ताई, धूर कुठल्या बाजूने आला आणि वास कसला होता, या दोन गोष्टी फारसं कुणी सांगत नाही. माझ्याकडे लोक येतात ते "जाळ झाला, बघा" एवढंच म्हणत. तुम्ही लिहिलंत त्यावरून मला तरी असं दिसतंय की एकाच दुखण्याचे हे दोन झटके नाहीत. दुखणी दोन आहेत, आणि दुसरं बहुतेक पहिल्याच्या औषधातून आलंय. बोर्ड गेलंय असं मला वाटत नाही. पण मशीन माझ्या टेबलावर नाही, म्हणून माझा अंदाज ताडून कसा बघायचा तेही सांगतो.

आधी एक काम. "परत एकदा लावून बघू" हे आता बंद. धूर येऊन गेलेलं मशीन पुन्हा चालू केलं की जो भाग वाचला असता तोही जातो, आणि शोधायला जी खूण असते ती जळून काळी होते. प्लग काढायचा तो भिंतीतून. यूपीएस असेल तर मशीनची वायर यूपीएसमधूनच उपटायची, कारण मेन बंद केला तरी यूपीएस बॅटरीवर मशीनला करंट देतच राहतो. धुराच्या घाईत हे लोकांच्या लक्षात येत नाही. मेन स्विच पाडून निवांत उभे राहतात आणि आत जळत असतं ते जळतच राहतं. पाणी कधीच मारायचं नाही.

आता पहिला धूर.

मासळीसारखा वास, पांढरा धूर आणि फट् आवाज असं तिन्ही एकत्र आलं की डोळे मिटून सांगावं, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, फुटला. एसएमपीएसमध्ये ते दंडगोल डबे असतात, डोक्यावर अधिकच्या किंवा इंग्रजी के अक्षराच्या आकाराच्या खाचा असतात. आतलं द्रावण तापून वाफ झाली की डबा त्या खाचांवर उकलतो. धूर दिसतो तो बराचसा त्या द्रावणाची वाफच असते. जळलेल्या वायरचा वास वेगळा, घशात बोचणारा. ट्रान्सफॉर्मर किंवा चोकचं (तारेच्या गुंडाळीचं) वॉर्निश जळलं की गोडसर, जळक्या लाखेसारखा. नाक हा माझा पहिला मीटर आहे, आणि सर्दी झाली की अर्धा धंदा बसतो असं मी पोरांना सांगतो.

पण कॅपॅसिटर फुटला म्हणजे कॅपॅसिटर वाईट होता असं नाही. इथे तुमचा तो "बल्ब लख्ख झाला" कामाला येतो. घरात येणारे २३० व्होल्ट एसएमपीएसमध्ये आल्या आल्या डीसी होतात, साधारण ३२५ व्होल्ट. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमध्ये हे ३२५ व्होल्ट २०० व्होल्टच्या दोन कॅपॅसिटरमध्ये निम्मे निम्मे वाटलेले असतात, म्हणजे प्रत्येकावर १६०च्या आसपास. आरामात चालतं. आता खांबावर किंवा वाड्याच्या मुख्य बोर्डात तिन्ही फेजचा मिळून जो एक न्यूट्रल असतो तो सुटला, तर घराघरांत २३० वाटले जाण्याचा हिशेबच मोडतो. ज्या फेजवर लोड जास्त तिथले दिवे मंदावतात आणि ज्या फेजवर लोड कमी तिथला व्होल्टेज चढतो, अगदी ४०० पर्यंतही. ४०० व्होल्ट एसी म्हणजे आत साडेपाचशेच्या वर डीसी. दोनशेच्या डब्यावर पावणेतीनशे आले की तो उकलणारच.

म्हणून वाड्यातल्या बाकीच्या बिऱ्हाडांना विचारा. त्या संध्याकाळी कुणाचा पंखा रेंगाळत फिरला का? कुणाचा सेटटॉप बॉक्स, एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर गेला का? एकाकडे मंद आणि दुसऱ्याकडे लख्ख असं झालं असेल तर न्यूट्रलच. मग वाड्याचा मुख्य बोर्ड चांगल्या वायरमनकडून उघडून बघा. न्यूट्रलचा स्क्रू ढिला असला की त्याच्याभोवतीचं इन्सुलेशन तपकिरी पडलेलं दिसतं. आत ठीक असेल तर वीज कंपनीच्या लाईनमनला खांबावर बघायला लावा. हे केल्याशिवाय नवीन मशीन आणलं तरी तेही जाईल. तुमच्या टेबलाखालचा लाल दिव्याचा स्पाइक गार्ड यात वाचवत नाही. त्याच्यात फार तर एक एमओव्ही असतो, क्षणभराचा झटका गिळायला. चढलेला व्होल्टेज मिनिटभर टिकला की तो स्वतःच फुटतो. आणि स्वस्तातला असेल तर आत दिवा आणि पट्ट्यांशिवाय काहीच नसतं, मी कितीतरी उघडून पाहिलेत.

लख्ख बल्बची साक्ष नसती तर मी अजून दोन गोष्टी विचारल्या असत्या. जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल रंगाचं ११५/२३० असं सरकतं बटण असतं. साफसफाई करताना किंवा पोराच्या हातून ते ११५ वर गेलं की आतली सर्किट व्होल्टेज दुप्पट करते, आणि बटण दाबताच असाच आवाज, असाच धूर. दुसरी गोष्ट म्हणजे पाल. हसू नका. एसएमपीएस उबदार असतो, मागे जाळी असते, पाल आत शिरते आणि तीनशे व्होल्टवर आडवी पडते. तेव्हा वास मासळीचा नाही येत, तो मी इथे लिहीत नाही.

सांगलीत कॅबिनेट उघडलं की ते कुठून आलंय हे धुळीवरून कळतं. यार्डातलं असलं की आत सगळं पिवळं, हळदीची पूड पंख्याच्या पात्यांवर थर धरून बसलेली. कोरडी असते तोवर ती फक्त गरमी कोंडते. पावसाळ्यात तिला ओल धरली की ती करंट वाहू देते, आणि मग जून-जुलैमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड तडतडायला लागतात. २०१९च्या पुरानंतर तर माझ्याकडे ओळीने मशिनं आली होती. लोकांनी चार दिवस उन्हात वाळवून लावलेली, वरून स्वच्छ, पण चिपांच्या पायाखाली कृष्णेचा गाळ तसाच. जी न लावता आणली ती बरीच वाचली. तुमच्या घरी हळदीचं पोतं येत नाही, फक्त हिशेब येतात, म्हणून हे कारण मी बाजूला ठेवतो.

आता दुसरा धूर. माझ्या मते खरी गंमत इथे आहे.

पुढच्या अंगाला काय असतं? हार्डडिस्क, असलाच तर डीव्हीडी ड्राइव्ह, आणि पुढच्या यूएसबीच्या वायरी. बोर्डचा जो भाग सहसा जळतो, म्हणजे प्रोसेसरच्या शेजारचे मॉस्फेट (त्याला वीज देणारे छोटे स्विच), तो मागच्या अंगाला वर असतो. धूर वर जातो, पंख्याबरोबर फिरतो, हे खरं. पण पुढून निघालेला धूर आणि प्लॅस्टिकचा वास म्हणजे मी आधी हार्डडिस्कचा पॉवरचा प्लग हातात घेईन.

आता आठवून बघा. मेकॅनिकने जो नवा एसएमपीएस बसवला त्याच्या वायरी हार्डडिस्कपर्यंत थेट गेल्या का, की मध्ये एक छोटी जोडवायर लावली? स्वस्त एसएमपीएसला साटाचे, म्हणजे हार्डडिस्कला लागतात ते चपटे, प्लग कमी असतात, म्हणून जुन्या मोठ्या चार पिनच्या मोलेक्सवरून साटा करणारी वितभर वायर लावतात. वीस-तीस रुपयांची वस्तू. ती दोन प्रकारची येते. एकात वायरी वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या असतात आणि मागचं झाकण उघडतं. दुसऱ्यात वायरी साच्यात ठेवून वरून गरम प्लॅस्टिक ओतलेलं असतं, सगळं एकजीव, गुळगुळीत. दिसायला दुसरा प्रकार मजबूत वाटतो आणि जळतो तोच. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १५ पट्ट्या असतात, एकीपासून दुसरी सव्वा मिलिमीटरवर. प्लॅस्टिक ओतताना आतली तार किंचित सरकली की १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये केसाएवढं अंतर उरतं. पहिल्या दिवशी चालतं. मग तापून तापून मधलं प्लॅस्टिक कोळसा होतं आणि कोळशातून करंट वाहतो.

यावर लोक मला हमखास विचारतात, बारा व्होल्टने काय जळणार, आणि एसएमपीएसला शॉर्ट झाला की बंद पडायची सोय असते ना? असते, पण ती पूर्ण शॉर्टसाठी. १२ व्होल्टची लाईन १६ अँपिअरची असेल तर पाच-सहा अँपिअर गळती एसएमपीएसला साधं लोडच वाटतं. पाच अँपिअर गुणिले बारा म्हणजे साठ वॅट. माझ्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं आहे आणि ते शिसं वितळवतं. तुमच्या अंगठ्याएवढ्या प्लगमध्ये तशी दोन आयर्न खुपसल्यासारखं झालं. प्लॅस्टिक वितळून तारा एकमेकींना टेकल्या तेव्हा कुठे पूर्ण शॉर्ट झाला, आणि मग एसएमपीएसने हात वर केले.

आणि "पंखा जरासा हलतो आणि थांबतो" ही त्याचीच खूण. एसएमपीएस सुरू होतो, पुढे शॉर्ट सापडतो, लगेच बंद होतो. शॉर्ट बोर्डवर असला तरी असंच दिसतं, म्हणून मेकॅनिकची चूक समजण्यासारखी आहे. पण त्याने कदाचित अजून एक केलं असेल, जे नवीन पोरं नेहमी करतात. मीटर बीपवर लावायचा, प्रोसेसरच्या शेजारच्या चोकवर एक टोक, दुसरं ग्राउंडला, आणि बीप वाजला की "बोर्ड शॉर्ट". अहो, तिथे चांगल्या बोर्डवरही बीप वाजतो. प्रोसेसरच्या लाईनचा रेझिस्टन्सच इतका कमी असतो. मीसुद्धा सुरुवातीच्या काळात त्या बीपवर एक चांगलं बोर्ड भंगारात टाकलंय.

खरी तपासणी अशी. सगळी पॉवर काढा. प्रोसेसरजवळचा पिवळ्या-काळ्या वायरींचा चार किंवा आठ पिनचा प्लग बोर्डमधून उपसा. बोर्डवरच्या सॉकेटमध्ये पिवळ्याची पिन आणि काळ्याची पिन यांमध्ये मीटर ओहमवर लावा. आकडा चढत जाऊन शेकड्यांत किंवा हजारांत स्थिरावला तर तो भाग ठीक. शून्याच्या आसपास अडकला तर मॉस्फेट गेला, आणि मग मेकॅनिक बरोबर. मोठ्या २४ पिनच्या सॉकेटमध्ये लाल आणि काळ्यावरही असंच बघा. केशरीवर, म्हणजे ३.३ व्होल्टवर, कमी आकडा दिसला तरी घाबरू नका, कित्येक बोर्डांवर तो मुळातच कमी असतो.

त्यानंतर एसएमपीएस एकटा तपासायचा. आमच्या वस्तादांची रीत सांगतो. मी नवीन असताना फ्यूज उडालेला एक एसएमपीएस आला. मी शहाणपणा करून फ्यूजच्या जागी तार टाकली आणि लाईट दिली. असा आवाज झाला की शेजारचा चहावाला धावत आला. वस्तादांनी काही न बोलता शंभर वॅटचा बल्ब आणून फेजच्या वायरीत मालिकेत जोडून दिला. सिरीज बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा ताण स्वतःवर घेतो, काही फुटत नाही. आत ठीक असेल तर क्षणभर चमकतो, म्हणजे कॅपॅसिटर भरला, आणि मंद होतो किंवा विझतो. एलईडी बल्ब चालत नाही, जुना तारेचाच हवा. आता ते मिळेनासे झालेत, म्हणून मी डझनभर साठवून ठेवलेत. महागड्या, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारी सर्किट) असलेल्या एसएमपीएसवर बल्ब लुकलुकतो, त्याचा अर्थ बिघाड नव्हे. काचेचा फ्यूजही बघण्यासारखा असतो. आतून काळा आरसा झाला असेल तर जबर शॉर्ट, नुसती तार मधे तुटली असेल तर ओव्हरलोड.

मात्र ताई, एसएमपीएसचा डबा तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बराच वेळ बसून राहू शकतात. माझ्या एका स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला त्याचा चावा अजून आहे.

तुम्ही करू शकता ते हे. प्लग भिंतीतून काढलेला ठेवून कॅबिनेटची बाजूची पत्रा-झडप उघडा. हार्डडिस्कच्या पॉवर प्लगला बोट लावून बघा, नाक लावून बघा. तपकिरी, फुगलेला, चिकट झालेला असेल तर गुन्हेगार सापडला. तो प्लग आणि जोडवायर मोलेक्सपासून वेगळी करा. तसंच पुढच्या यूएसबीच्या खोबणीत डोकवा, आतली पांढरी-काळी जीभ तुटून पिना एकमेकींना टेकल्यात का? टेकल्या असतील तर तिची बोर्डवरची वायरही उपसा. मेकॅनिकला सांगा, हार्डडिस्क न लावता मशीन चालू करून दाखव. पंखा फिरत राहिला आणि स्क्रीनवर डिस्क सापडत नाही असं आलं, तर तुमचं बोर्ड जिवंत आहे.

आता हिशेब. हार्डडिस्कच्या हिरव्या पाटीवर पॉवरच्या खोबणीजवळ दोन छोटे काळे चौकोनी तुकडे असतात, टीव्हीएस डायोड. एक ५ व्होल्टच्या लाईनवर, एक १२ व्होल्टच्या. व्होल्टेज चढला की ते स्वतः शॉर्ट होऊन मागची सर्किट वाचवतात. त्यांचं काम मरण्याचं आहे. मीटर डायोडवर ठेवून दोन्ही बाजूंनी लावायचा. चांगल्या डायोडला एकाच दिशेने आकडा येतो. दोन्ही दिशांनी शून्य आला तर तो गेला. जाणत्या माणसाने तो तुकडा पाटीवरून काढला की पुष्कळदा डिस्क फिरायला लागते. पण संरक्षण निघून गेलेलं असतं, म्हणून चांगल्या, तपासलेल्या एसएमपीएसवर लावायची, पहिल्याच फेरीत सगळा डेटा दुसरीकडे उतरवायचा आणि ती डिस्क पुन्हा कामाला घ्यायची नाही. पाटीवरच्या मोठ्या चिपला भोक पडलेलं दिसलं तर मात्र कुणालाही प्रयोग करू देऊ नका. "तसलीच दुसरी पाटी लावतो" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. हल्लीच्या डिस्कमध्ये त्या डिस्कपुरती माहिती पाटीवरच्या एका छोट्या चिपमध्ये असते, ती न हलवता पाटी बदलून उपयोग नाही. मग ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं, आणि ते स्वस्त नाही.

नवीन एसएमपीएसबद्दल एकच सांगतो. हातात धरून बघा. साडेचारशे वॅट लिहिलंय आणि डबा रिकाम्या टिफिनसारखा हलका लागतोय, तर आत चोक आणि फिल्टरच्या जागी नुसत्या तारा जोडलेल्या असणार. साटाचे प्लग त्याच्या स्वतःच्या वायरीवर हवेत, जोडवायर नको. आणि दुसऱ्या कंपनीच्या सुट्या वायरी त्यात कधीच लावू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन डिस्क लावताच जळते.

आधी न्यूट्रल बघून घ्या, मग मशीनला हात लावा. आणि तो वितळलेला प्लग फेकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. मेकॅनिकबरोबर बोलताना तो टेबलावर ठेवायला लागेल.